यंत्राने मोजलेला आकडा कोणाच्या खिशात?



येत्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत 'कारखान्यातील नवी यंत्रे आणि आपण' असा एक विषय घातला आहे. नाव वाचून काही जण म्हणतील, बोंडअळी आहे, भाव आहे, कर्ज आहे, पीकविमा आहे. त्यात हे कारखान्याचे लचांड कशाला? यंत्रे कारखानदाराची, काळजीही त्यानेच करावी. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. मग कापसाच्या वाटेने थोडे पुढे जाऊन पाहिले आणि मत बदलले. का बदलले ते या अंकात सांगतो. निर्णय बैठकीने करायचा आहे.

आपला कापूस जिनिंगच्या आवारात शिरला की त्याला यंत्रे मोजू लागतात. फाटकावरचा काटा वजन करतो. गंजीत सुई खुपसून ओलावा मोजतात. रुई होऊन गठाण बांधली की तिचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे एकच यंत्र थोड्याच वेळात धाग्याची लांबी, ताकद, सारखेपणा, मायक्रोनेअर म्हणजे तलमपणा, रंग आणि कचरा यांचे आकडे देते. गठाण सूतगिरणीत गेली की कॅमेरे तिच्यातला कचरा शोधतात. नव्या गिरणीत चातीचातीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. कोणत्या चातीवर सूत किती वेळा तुटले ते पडद्यावर दिसते. हे सारे आकडे एका संगणकात जमा होतात. गिरणी मालकाला ते दिसतात, सूत घेणाऱ्याला दिसतात, कापड खरेदी करणाऱ्या परदेशी दुकानदाराने मागितले तर त्यालाही दिसतात.

ज्याच्या शेतात हा कापूस पिकला त्याच्या हाती मात्र एक पट्टी येते. तिच्यावर वजन, भाव, कपात आणि रक्कम एवढेच असते. बाकीचे आकडे पुढच्यांचे. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी हे नवे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. २०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द पुढे आला आणि जगभर पसरला. पहिली क्रांती वाफेची, दुसरी विजेची, तिसरी संगणकाची आणि ही चौथी, असा त्यांचा हिशेब. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. पूर्वी यंत्र काम करायचे आणि माणूस मोजायचा. आता यंत्र काम करता करता स्वतःच मोजते, मोजलेले दुसऱ्या यंत्राला कळवते आणि पुढचे यंत्र त्याप्रमाणे वागते. ज्यांच्या विहिरीवर मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. लाइन आली का, मोटर सुरू झाली का, हे स्टार्टर घरी कळवतो. रात्री काठी-बॅटरी घेऊन जाण्याचा फेरा वाचतो. कारखान्यात असे हजारो स्टार्टर एकमेकांशी बोलत असतात, एवढेच समजा.

जर्मनीची गोष्ट आम्हाला लिहावीशी वाटते ती यंत्रांसाठी नाही, शिक्षणासाठी. तिथले मोठे कारखाने या वाटेने लगेच गेले. पण त्या देशाचा बराचसा धंदा लहान आणि मध्यम कारखान्यांच्या हातात आहे, आणि ते बिचकत होते. खर्च किती, उपयोग काय, आपल्या धंद्याची माहिती कोण बघणार, असे त्यांचे प्रश्न. तिथल्या सरकारने त्यांना नुसते अनुदान दाखवून यंत्रे घ्यायला लावली नाहीत. २०१५ नंतर देशभर मार्गदर्शन केंद्रे काढली. लहान कारखानदाराने तिथे यावे, चालते नमुने हाताळावेत, आपली अडचण सांगावी, आणि त्याला फी पडू नये. २०१७ साली खास कापडधंद्यासाठीही असे केंद्र निघाले. आखेन, डेन्केनडॉर्फ, केम्नित्झ इथल्या वस्त्रसंशोधन संस्था त्यात होत्या. या केंद्रांचा एक नियम आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिकवणारा कोणत्याही यंत्रविक्या कंपनीचा माणूस नसावा.

आपल्याकडे काय चालते ते आठवा. बियाण्याचे शिक्षण कोण देतो? बियाणे विकणारा. औषध कोणते, किती पंप फवारायचे, हे कोण सांगतो? औषधाचा दुकानदार. मग शेतात काय होते ते आपण दरवर्षी पाहतो. विकणाऱ्याने दिलेले शिक्षण म्हणजे जाहिरात. नव्या यंत्रांच्या बाबतीत ही चूक पुन्हा करायची नसेल तर आत्ताच सावध झाले पाहिजे.

भारतातही कारखानदारांची शाळा सुरू झाली आहे. केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने 'समर्थ उद्योग भारत ४.०' या नावाखाली पुण्यात एक, दिल्लीच्या आयआयटीत एक आणि बंगळुरूत दोन अशी केंद्रे उभी केली. पुण्याच्या केंद्रात लहान कारखानदारांना या गोष्टी समजावून देण्याचे, त्यांच्या माणसांना तयार करण्याचे काम चालते. चांगली गोष्ट आहे. नागपूरला जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबईच्या ज्या कापूस तंत्रज्ञान संस्थेची सुरुवात १९२४ साली झाली, तिचेच ते केंद्र. तिथे जिनिंगवाले आणि त्यांचे फिटर शिकतात. तीही चांगली गोष्ट. पण साखळीचा हिशेब मांडून पाहा. कापड विकणारा शिकला, गिरणीवाला शिकला, जिनिंगवाला शिकला. साखळीची पहिली कडी शेतात आहे, तिच्या शिक्षणाची सोय कोणी केली? पहिली कडी निरक्षर ठेवून बाकीची साखळी हुशार झाली तर तिचा ताण कुठे पडेल हे सांगायला नको.

कोणी म्हणेल, यंत्र आले ते बरेच झाले, निदान पक्षपात तरी नाही. यात तथ्य आहे. राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना चालली तेव्हा प्रत ठरायची ग्रेडरच्या हाताने आणि डोळ्याने. त्याने मूठभर कापूस उचलायचा, ओढून पाहायचा आणि बोलायचे. एका शब्दात वर्षाची कमाई वरखाली. त्याच्या डोळ्यावर अपील नव्हते. यंत्राला जात नाही, पुढारी नाही, ओळखपाळख नाही. म्हणून आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. पण यंत्रही कोणाच्या तरी हातात असते. ओलाव्याची सुई गंजीच्या वरच्या थरात घातली की एक आकडा येतो, बुडाशी दबलेल्या कापसात घातली की दुसरा. दव उतरायच्या आत वेचलेला कापूस सकाळी एक सांगतो, दुपारी उन्हात पसरल्यावर दुसरे. मोजणारे यंत्र वेळोवेळी तपासून बरोबर करावे लागते. तसे केले नाही तर ते इमानदारीने चुकीचा आकडा देत राहते.

आता या आकड्याचे पैसे करून पाहू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा आठ टक्के धरून हा भाव. त्याच्या वर बारा टक्क्यांपर्यंत माल घेतात, पण दर टक्क्याला भावात एक टक्का कपात. बाराच्या वर माल परत. म्हणजे ओलाव्याचा एक टक्का ८१ रुपये १० पैशांचा. समजा तुमच्या कापसात ओलावा दहा टक्के आहे आणि यंत्राने बारा दाखवला. दोन टक्क्यांचे १६२ रुपये २० पैसे. वीस क्विंटलची गाडी असेल तर ३,२४४ रुपये. एवढ्या पैशात किती बॅगा बियाणे येते ते ज्याचे त्याने काढावे. आपण काट्यावर सरकारी शिक्का आहे की नाही हे बघायला शिकलो, कारण काट्याने आपल्याला पिढ्यान् पिढ्या नागवले. ओलावामापक हा नवा काटा आहे. त्याची तपासणी कधी झाली, हे विचारायला आपण अजून शिकलो नाही.

दुसरा आकडा उताऱ्याचा. सरकीसकट कापूस विकताना आपण क्विंटलचा भाव घेतो. व्यापाऱ्याचा जीव मात्र रुईत असतो, तो भाव बोलतो रुईच्या खंडीचा. शंभर किलो कापसात रुई कोणाच्या मालात तेहतीस किलो निघते, कोणाच्या छत्तीस. समजा रुई दीडशे रुपये किलो आहे आणि सरकी पस्तीस. तीन किलो रुई जास्त म्हणजे तीन किलो सरकी कमी. क्विंटलमागे फरक पडला ३४५ रुपयांचा. वीस क्विंटलला ६,९०० रुपये. जिनिंगवाल्याला आपला उतारा पक्का ठाऊक असतो, त्याचा धंदाच त्यावर चालतो. छत्तीसवाल्या शेतकऱ्याला मात्र तेहतीसवाल्याचाच भाव मिळतो, आणि आपला माल छत्तीसचा होता हे त्याला मरेपर्यंत कळत नाही. मग पुढच्या वर्षी वाण निवडताना तो काय बघणार? शेजाऱ्याचे शेत आणि पाकिटावरचे चित्र.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. गिरणीतल्या कॅमेऱ्याला कापसातला खताच्या पोत्याचा रंगीत दोरा दिसतो, केस दिसतो, सुतळी दिसते. यंत्र तेवढा कापूस हवेच्या झोताने बाहेर फेकते. आपल्या मायबहिणी पाठीला ओटी बांधून उन्हात वेचतात आणि मिळेल त्या पोत्यात भरतात, तिथे हा दोरा येतो. सुती कापडाचे पोते वापरा, पालापाचोळा टाळा, कवडी वेगळी ठेवा, असा उपदेश पुष्कळ होतो. पण वेचणीची मजुरी किलोवर आहे. स्वच्छ वेचायला वेळ जास्त लागतो, म्हणजे बाईची मजुरी कमी होते, आणि मालकाला भाव तोच. स्वच्छतेचा आकडा कॅमेऱ्याने मोजला, पण त्याचे पैसे वेचणारीपर्यंत आले नाहीत, तर तिने कोणासाठी स्वच्छ वेचायचे? नव्या यंत्रांचा उपदेश करणाऱ्यांनी याचे उत्तर आधी द्यावे.

हे आकडे शेतकऱ्याला मिळू शकतात का? मिळू शकतात. अमेरिकेत अपलंड कापसाची सरकारी प्रतवारी १९९१ पासून यंत्राच्या मोजणीवर होते. तिथला शेतकरी सरकीसकट कापूस विकून मोकळा होत नाही. जिनिंगमधून निघालेली गठाण त्याची असते. प्रत्येक गठाणीला बारा आकड्यांची कायमची ओळख असते; पहिले पाच आकडे जिनिंगचे, पुढचे सात त्या गठाणीचे. गठाणीच्या दोन्ही बाजूंचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो आणि प्रत संगणकावरून परत येते. मोजणीची फी शेतकरीच भरतो, म्हणून आकडाही त्याचा. त्या आकड्यावर अमुक प्रतीला इतके जास्त, तमुक प्रतीला इतके कमी, असा तक्ता जाहीर असतो. आता तिथल्या शेतकऱ्याची शेती शेकडो एकरांची आणि पाठीशी सरकारी तिजोरी. त्याची बरोबरी आपण करू म्हणणे हा भाबडेपणा होईल. पण गठाणीचा आकडा शेतकऱ्याच्या हाती देता येत नाही, असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही एवढे यातून ठरते.

आपल्या देशातही गठाणीला ओळख मिळू लागली आहे. ७ ऑक्टोबर २०२० रोजी 'कस्तुरी कॉटन' या नावाने भारतीय कापसाची मुद्रा जाहीर झाली. भारतीय कापूस महामंडळ आपल्या गठाणींवर क्यूआर कोड लावू लागले. मोबाईल धरला की गठाण कुठली, कशी, ते कळावे. पण गठाण बांधायच्या आधी आवारात वीस गावांचा कापूस एका गंजीत पडलेला असतो. तिथे आपल्या शेताचे नाव पुसले जाते. गिऱ्हाईकाला जिनिंगपर्यंत माग लागतो, बांधापर्यंत लागत नाही.

उलट दिशेने मात्र माग पक्का लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपण आपल्या मोबाईलने आपल्या पिकाचा फोटो काढून सरकारला दिला. शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधार आणि सातबारा जोडून दिला. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर महामंडळाच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. ज्याच्या घरात शिकलेला पोरगा नाही त्याने सेतू केंद्रावर रांग लावली. म्हणजे आपली माहिती देण्याच्या बाबतीत आपण केव्हाच आधुनिक झालो आहोत. घेण्याच्या बाबतीत अजून पट्टीवरच आहोत.

माहितीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून एक कायदा लागू झाला. जोडलेले यंत्र जो वापरतो, त्याच्या वापरातून तयार होणारी माहिती त्याला मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. ट्रॅक्टर असो की कारखान्यातले यंत्र. आपल्याकडे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण तो माणसाच्या माहितीचा. माणसाच्या मालाच्या माहितीबद्दल आपल्यालाच बोलावे लागेल.

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. आकडा हाती आला म्हणजे भाव हाती आला असे कोणी समजू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत ठेवली. अशा निर्णयापुढे तुमच्या धाग्याची लांबी ढाल होत नाही. भावाची लढाई भावाच्याच मैदानात लढावी लागते. पण लढणाऱ्याला स्वतःच्या मालाची किंमत माहीत असावी लागते.

मग करायचे काय? बैठकीपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवत आहोत.

पहिली. प्रत्येक खरेदी केंद्रावर ओलावामापकाची शेवटची तपासणी कधी झाली त्याचा दाखला दर्शनी लावावा, गंजीत निदान तीन ठिकाणी सुई घालून सरासरी धरावी, आणि तो आकडा पट्टीवर लिहून द्यावा. ज्वारीच्या केंद्रावरही हेच. माल परत केला तर किती ओलाव्यासाठी केला ते लेखी मिळावे.

दुसरी. हंगामाच्या आधी प्रत्येक तालुक्यातून दोन पुरुष आणि दोन बाया निवडाव्यात. त्यांनी जिनिंग आणि प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी, ओलावा, उतारा, लांबी, मायक्रोनेअर हे चार आकडे वाचायला शिकावेत आणि परत येऊन गावात शिकवावेत. नागपूरच्या प्रशिक्षण केंद्राला आणि कृषी विद्यापीठांना तसे पत्र आपण देऊ. शिकवायला यंत्रविक्याचा माणूस नको, हे पत्रात स्पष्ट लिहू.

तिसरी. एका गावाने तरी यंदा प्रयोग करावा. पाच क्विंटल कापसाची साधारण एक गठाण होते, १७० किलोची. वीस घरांनी एकच वाण लावून दहा-दहा क्विंटल एकत्र आणला तर २०० क्विंटल होतात, म्हणजे चाळीस गठाणी. एवढा माल मजुरी देऊन स्वतंत्र जिन करून घेता येतो. प्रत्येक गठाणीचा नमुना तपासावा, आकड्यांचा कागद वीस घरांत वाटावा आणि खंडीच्या भावाने विकून पाहावे. राज्याच्या 'स्मार्ट' प्रकल्पात 'एक गाव एक वाण' धरून असे प्रयोग झाले आहेत. त्यांचा हिशेब मागवावा. यात जोखीम आहे. रुई पडून राहील, भाव उतरेल, पैसा अडकेल. म्हणून सगळा माल लावू नका. ज्याला पैशाची घाई आहे त्याने यात पडू नये.

चौथी. जो कारखाना किंवा कंपनी आपल्या गावात ॲप, यंत्र किंवा करार घेऊन येईल तिला तीन प्रश्न विचारावेत. आमची कोणती माहिती घेता? ती कोणाला देता? आम्हाला त्यातले काय परत देता? तिसऱ्या प्रश्नावर जो गप्प बसेल त्याच्या कागदावर अंगठा नको, सही नको आणि मोबाईलवर आलेला आकडाही सांगायचा नाही.

आपल्या आजोबांना तराजूची दांडी कळत होती, पण सावकाराच्या वहीतले अक्षर कळत नव्हते. त्या न कळण्यापायी जमिनी गेल्या. पुढच्या पिढीने अक्षर शिकून घेतले. आता वही संगणकात गेली आहे आणि अक्षराच्या जागी आकडा आला आहे. तो वाचायला शिकण्याला वयाची अट नाही आणि फार खर्चही नाही. बैठकीला येताना गेल्या हंगामाची कापसाची पट्टी सोबत आणा. ओलाव्याचा आकडा तिच्यावर लिहिलेला आहे की नाही, तेवढे घरून बघून या. तिथूनच सुरुवात करू.